कोरडी पुंगळी

दांडा अर्ध्यावर येऊन थांबला. रेनोच्या हाताला ते आधी कळलं, डोक्याला मागाहून. रोज उघडणाऱ्या दाराला एखाद्या दिवशी कुणी आतून कडी घालावी तसं काहीतरी झालं. त्याने थोडा जोर केला. गोळ्या भरायचा लोखंडी प्रेस खालच्या जाड बाकासकट करकरला आणि तसाच राहिला. अशा वेळी शहाण्या माणसाने थांबायचं असतं, हे त्याने स्वतःच आजवर किती जणांना सांगितलं होतं. पण हात एकदा इरेला पेटला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. दोन्ही हातांनी त्याने दांडा उलटा खेचला. कट्ट असा बारीक आवाज झाला, दांडा एकदम सैल पडला आणि रेनोची पाठ मागच्या भिंतीवर आदळली. सावरून पाहिलं, तर खालच्या पकडीत पितळेची एक फाटकी किनार तेवढी उरली होती. पुंगळीचा काठ. बाकीची पुंगळी वर, पोलादी डायच्या, म्हणजे साच्याच्या पोटात, जणू तिथेच जन्मली असावी अशी बसली होती.

बंदुकीतून झाडलेली पितळी पुंगळी फुगते. ती पुन्हा भरायची तर आधी डायमध्ये दाबून मूळ मापावर आणावी लागते, आणि दाबण्याआधी तिच्या अंगाला बोटांनी वंगण चोळावं लागतं. न चोळता घातली, तर पितळ पोलादाला अशी मिठी मारतं की काठ फाटतो पण मिठी सुटत नाही. ही चूक नवशिक्यांची. आपल्या गोळ्या आपणच भरणाऱ्या लोकांत, एकदाही पुंगळी अडकली नाही असं म्हणणारा माणूस एकतर कालच शिकलेला असतो नाहीतर थापाड्या. रेनोचीही अडकली होती, लग्न झालं त्या सुमारास. त्यानंतर कधी नाही. त्याने बाकावरच्या ट्रेमधली दुसरी पुंगळी उचलली आणि अंगठ्याने चोळून पाहिली. कोरडी. तिसरी कोरडी. सगळा ट्रे कोरडा ठणठणीत. मग त्याने स्वतःची बोटं नाकाशी नेली. वंगणाला लोकरीसारखा एक ओशट वास असतो, साबणानेही लवकर न जाणारा. बोटांना दुपारच्या कॉफीचा वास होता.

एवढ्यावर भागलं असतं, तर रेनो स्वतःला चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. माणूस विसरतो. चष्मा विसरतो, लग्नाचा वाढदिवस विसरतो आणि तरी घरात त्याला जेवण मिळतं. पण रेनो विसरला नव्हता. त्याला आठवत होतं. वंगणाची चपटी डबी उघडताना झाकणाने घेतलेले आढेवेढे, बोटाच्या पेरावर आलेला पिवळसर गोळा, एकेक पुंगळी बोटांत फिरवून ट्रेमध्ये उभी करणं, वर रेडिओवर सरोवरातल्या लाटांची उंची सांगणारा तो सर्दटलेला माणूस: सगळं त्याला लख्ख आठवत होतं. त्याने डबी शोधली. ती कपाटात होती, मागच्या रांगेत, आणि तिच्या झाकणावर धूळ होती. रेनो त्या धुळीकडे बघत राहिला. मग ते चोळणं कुठलं? कालचं? गेल्या वर्षीचं? की कधीचंच नाही, नुसतं डोक्याने गंमत म्हणून रंगवलेलं? तळघरातल्या सौनाच्या, वाफेच्या न्हाणीच्या, दाराशी ठेवलेल्या लाकडी स्टुलावर तो बसला.

आईचं असंच सुरू झालं होतं. आई काही विसरली की घरातले हसायचे आणि आईही हसायची. विसरण्याचं कुणाला काही वाटलं नाही. पुढे ती न घडलेलं आठवायला लागली. आयमोमामा येऊन गेला, म्हणायची. कॉफीत तीन चमचे साखर घातली त्याने, त्याची खोड काही जायची नाही. आयमोमामाला जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती. रेनो तिला समजावायचा आणि ती त्याच्याकडे अशी बघायची, की याला काय झालं बिचाऱ्याला. तिच्या नजरेतली ती खात्री त्याला आत्ता तळघरात बसल्या बसल्या स्पष्ट दिसली. खात्री आतून कशी वाटते, ते आज त्याला कळलं. ती अगदी खऱ्यासारखी वाटते. दोहोंत काडीचा फरक नसतो.

आणि मग त्याला ब्रिटाचा डबा आठवला.

हरणांच्या शिकारीचा हंगाम उद्या उजाडताच उघडणार होता. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या डुलुथ शहरातली अर्धी माणसं आज दुपारपासूनच नारिंगी टोप्या घालून उत्तरेच्या रस्त्याला लागलेली. त्याची मुलगी ब्रिटा शहराच्या पाणीपुरवठा खात्यात होती; कामावरून सुटून ती आईकडून पॅस्टी, मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, घ्यायला इथे डोकावणार आणि तशीच पुढे, जंगलातल्या त्यांच्या लाकडी खोपटाकडे जाणार. दर वर्षीचा रिवाज. तिच्या गोळ्यांचा डबा ती गेल्या रविवारीच घेऊन गेली होती. त्याने स्वतः भरलेल्या गोळ्या. प्रत्येकीतली दारू त्याने तोलली होती. दारू घातल्यावर प्रत्येक पुंगळीत छोट्या टॉर्चने डोकावून पाहिलं होतं. आठवत होतं त्याला. झाकणाचे आढेवेढे जसे आठवत होते, अगदी तसंच, तितक्याच लख्खपणे आठवत होतं.

दारू कमी पडली किंवा पडलीच नाही, तर गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटते. भलतीच दारू पडली तर दुसरीचीही वाट बघावी लागत नाही. नेम धरताना माणसाचा गाल लाकडी दस्त्याला टेकलेला असतो. जिथे फुटतं ती जागा डोळ्यापासून वीतभर. म्हणून या लोकांत एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नसला तरी लहान पोराला बंदुकीआधी शिकवतात: दुसऱ्याने भरलेली गोळी आपल्या बंदुकीत घालायची नाही. सख्ख्या मित्राचीही नाही. रेनोच्या शेजारच्या ओर्विलने एकदा मोठ्या प्रेमाने दिलेल्या गोळ्या रेनोने आभार मानून घेतल्या होत्या आणि ओर्विलची पाठ वळताच मोडून त्यातलं पितळ तेवढं ठेवलं होतं. ओर्विलनेही याच्या बाबतीत तेच केलं असणार. त्यात राग धरण्यासारखं काही नाही. ब्रिटा मात्र पहिल्या हंगामापासून बापाच्याच गोळ्या झाडत आली. हंगामाच्या दुसऱ्या दिवशी फोन यायचा, आणि पलीकडून ती एवढंच म्हणायची, "एकाच गोळीत, बाबा." तेवढ्यावर रेनोचं वर्ष निघायचं. चारचौघांत तो हे बोलून दाखवायचा नाही. उलट, "पोरीचा नेम चांगला आहे, गोळीचं काय" असं म्हणायचा. पण म्हणताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की ऐकणाऱ्याने गोळीचंच कौतुक करावं.

तोलणं हा तर त्याचा धर्म होता. टेकडीच्या उतारावर त्याचं औषधाचं दुकान होतं आणि त्या दुकानातल्या जुन्या काट्यावर औषध ज्या मापात तोलत, त्या ग्रेनमध्येच बंदुकीची दारू तोलतात, हे कळल्यावर तरुण रेनोला फार मजा वाटली होती. दिवसा बरं करणारं तोलायचं, संध्याकाळी मारणारं. लोक डॉक्टरवर संशय घेत, बायकोवर घेत, देवावर घेत. रेनोने पुडीत काय घातलं यावर कुणी कधी घेतला नाही. पुडी उघडायची, पाण्याबरोबर गिळायची. निवृत्त झाला त्या दिवशी म्हातारी मिसेस स्कारा म्हणाली होती, आता आम्ही कुणाच्या हातचं गिळायचं रे? तो हसला होता. आज त्याला ते हसू नको वाटलं. शेवटच्या वर्षात आपण सगळं बरोबर दिलं ना? आठवत होतं त्याला, बरोबरच दिलं होतं. आणि हे आठवणं आता काय लायकीचं होतं?

त्याने तळघरातूनच ब्रिटाला फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना ती फोन उचलत नाही; हे त्यानेच तिला शिकवलं होतं, आणि एकदा शिकवलेलं सोडायचं नाही हेही त्यानेच. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. आता करायचं काय? ती इथे थांबेल तर सांगता येईल. पण कधी कधी ती उशीर झाला म्हणून थांबतही नाही, आईला फोन करून सरळ पुढे जाते. आणि पुढे, खोपटापाशी, फोन लागत नाही. रेनोचे हात रिकामे राहीनात. म्हणून अडकलेली पुंगळी काढायला त्याने डाय प्रेसमधून सोडवून शिकंज्यात पकडला. मधली सळई आटे फिरवून वर घेतली. ड्रिल लावून पुंगळीच्या बुडातलं, दारू पेटवणारी टोपी बसते ते भोक मोठं केलं. पितळेचा सोनेरी चुरा त्याच्या बाहीवर उडत राहिला. मग टॅप घेऊन त्या भोकाला आतून आटे पाडायला लागला. पाव फेरा पुढे, जरा मागे, पाव फेरा पुढे. हे हातांना येत होतं. हात चुकत नव्हते. त्यामुळे जास्तच भीती वाटली, कारण मग चुकत होतं ते दुसरंच काहीतरी, जिथे हत्यार पोचत नाही असं.

वर पावलं वाजली आणि त्याची बायको मार्लिस जिन्यात येऊन उभी राहिली. हाताला पीठ. "काय चाललंय रे खाली? ड्रिल काय, धडाम काय. घर पाडतोयस की बांधतोयस?"

"ब्रिटाचा फोन आला होता?"

"येतेय. निघालीय म्हणाली मघाशीच. का रे? तोंड का असं?"

रेनोने टॅप खाली ठेवला. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलंही होतं. डाय खराब निघाला म्हणावं, पितळ जुनं होतं म्हणावं. पण उद्या सकाळी ब्रिटा झाडावरच्या मचाणात एकटी बसलेली असणार आणि गाल दस्त्याला टेकवणार. "मार्लिस, तिला त्या गोळ्या वापरू द्यायच्या नाहीत. माझ्या. रविवारी दिल्या त्या. मी काय भरलंय त्यात, मला सांगता येणार नाही. मला वाटतंय नीट भरलंय. पण ह्या पुंगळ्यांना वंगण लावलंय असंही मला वाटत होतं."

त्याला वाटलं, ती घाबरेल. निदान ओरडेल तरी. मार्लिसने जिन्याच्या कठड्याला पिठाचा हात टेकला. मग दोन पायऱ्या उतरून तिथेच बसली.

"ती तुझ्या गोळ्या झाडत नाही, रेनो."

"म्हणजे?"

"दोन हंगाम झाले. दुकानातल्या घेते विकत. तुझ्या तिच्याकडे कपाटात आहेत, जशाच्या तशा. त्याच्या जरा आधी सरावाला गेली होती ना, तेव्हा एकीत दारूच नव्हती. नुसती टोपी फुटली नि गोळी नळीच्या मुळाशी अडकून बसली. तिच्या लक्षात आलं म्हणून बरं. दुसरी झाडली नाही तिने."

"मला नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? तूच सांग, काय सांगायचं?" मार्लिस एकदम चिडून म्हणाली, आणि चिडता चिडता तिचे डोळे भरले. "मीच म्हटलं नको सांगूस. एकदा होतं म्हटलं. माणूस आहे. आणि मग रविवारी तू तिला डबा देतोस तेव्हा तुझा चेहरा बघतोस कधी आरशात?"

रेनोला पहिल्यांदा वाटलं ते हायसं. छातीवरचा धोंडा उतरला. पोर सुखरूप होती, दोन वर्षं सुखरूप होती, त्याच्या हातून सुटलेली होती. हे सुख पुरतं श्वासात उतरतं न उतरतं तोच त्याच्यामागून दुसरं आलं. एकाच गोळीत, बाबा. मागच्या नोव्हेंबरात तो फोन त्याने स्वयंपाकघरात उभ्याने घेतला होता आणि नंतर उगाचच अंगणातलं बर्फ ढकलत बसला होता, कारण आनंद झाला की त्याला घरात बसवत नाही. मार्लिस तेव्हा खिडकीतून बघत होती. म्हणजे तिला माहीत होतं. सगळं माहीत असून दोघी त्याला बर्फ ढकलू देत होत्या. त्याने आईला असंच केलं होतं. शेवटी शेवटी समजावणं सोडून तो म्हणायचा, हो का, आयमोमामा आला होता का, बरा आहे ना? आणि आई खूश व्हायची. तो स्वतःला फार भला मुलगा समजायचा तेव्हा. आईच्या जागी बसून हे कसं दिसतं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. आपण ज्या खोलीत बसलोय तिची भिंत पुठ्ठ्याची आहे आणि बाहेरून सगळे हात लावून ती धरून उभे आहेत, असं.

"जा तू वर," तो म्हणाला. "पॅस्टी करपतील."

मार्लिस गेली नाही. वर दार वाजलं, बूट आपटल्याचा आवाज झाला आणि मग ती उठली. वर दोघींचं कुजबुजत बोलणं चाललं. शब्द कळत नव्हते, पण पाण्याच्या आवाजावरून पाणी कढत आहे की गार हे जसं कळतं तसं ते काय चाललंय हे रेनोला कळत होतं. त्याने टॅप उचलला आणि उरलेले आटे पुरे केले. डायच्या तोंडावर मोठा पोकळ सॉकेट उपडा ठेवला, त्यावर वॉशर, आणि वरून बोल्ट पुंगळीच्या बुडात फिरवत नेला. आता पाना लावून बोल्ट आवळला की पुंगळी उलटी वर ओढली जाणार. पाना घसरला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा शेजारून एका हाताने सॉकेट घट्ट धरला. ब्रिटाचा हात. नारिंगी कोटाच्या बाहीला अजून बाहेरच्या थंडीचा वास होता.

"धर तू नुसता पाना," ती म्हणाली. "हे मी धरते."

तो आवळत गेला. दोघंही बोल्टकडे बघत होते. बाप-लेक एकमेकांकडे न बघता पुष्कळ बोलू शकतात, पण त्यासाठी बघायला काहीतरी लागतं; आज ते होतं. पितळ आधी हललंच नाही. मग त्याच्या मनगटाला कळलं, की आतली मिठी सैल झाली. अर्धा फेरा, आणखी अर्धा, आणि पुंगळी बोल्टच्या टोकाला लटकून बाहेर आली. काठ फाटलेली, अंगावर उभा लांब ओरखडा. ब्रिटाने ती हातात घेतली, अंगठा फिरवून पाहिला आणि बाकावर ठेवली. कोरडी आहे, असं म्हणाली नाही.

"आईने सांगितलं," ती म्हणाली. "बाबा, मी सांगायला हवं होतं."

"नळीला काही झालं नाही ना तेव्हा?"

"नाही."

"तुला?"

"मला काय होतंय? घाबरले एवढंच." मग ती घाईघाईने बोलायला लागली, लहानपणी काही फुटलं की बोलायची तशी. "एकच होती तशी. एकीवरून काय ठरवायचं? बाकीच्या बरोबरच असतील. मीच भित्री. चुकलं माझं. हे बघ." तिने कोटाच्या खिशातून दुकानातल्या गोळ्या मुठीने काढल्या आणि बाकावर ओतल्या. दुसऱ्या हातात त्याचा डबा होता. गाडीत ठेवलेला असणार, दर वर्षी ठेवत असणार, तो विचारील तर दाखवायला. डबा उघडून तिने त्यातल्या गोळ्या दोन-तीनदा ओंजळीने खिशात टाकल्या. "या वर्षी तुझ्याच. शपथ. खरंच झाडणार. परवा फोन करते तेव्हा खरं असेल."

ती खरं बोलत होती. रेनोला पोरीचा खोटा आवाज ओळखता येत नाही, हे आजच सिद्ध झालेलं होतं, पण हा खरा होता. दोन वर्षं ज्या गोष्टीवर तो जगला ती गोष्ट ती आत्ता खरी करायला निघाली होती, त्याच्यासाठी, स्वतःच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर. नुसतं गप्प बसायचं होतं. गोळ्या बहुतेक बरोबर असतील. बहुतेक नक्कीच. कुणी अडवलं नसतं त्याला.

"काढ त्या," तो म्हणाला.

"बाबा, अरे पण..."

"मी भरल्यात त्या, ब्रिटा. माझा भरवसा नाही. काढ."

ती हलली नाही. तिचा चेहरा वाकडा झाला होता आणि तिला तो सरळ करता येत नव्हता. मग रेनोनेच पुढे होऊन तिच्या खिशात हात घातला. गोळ्या थंड आणि जड लागल्या, नेहमीसारख्या गुळगुळीत, सुरेख. मूठभर काढून त्याने डब्यात टाकल्या, पुन्हा हात घातला, अस्तराच्या कोपऱ्यात गेलेली एक चिमटीने ओढून काढली. दुसरा खिसा. आतला खिसा. त्यात हातमोजे आणि एक कागदी रुमाल. ब्रिटा दोन्ही हात किंचित वर धरून उभी राहिली, आणि तिच्या गालावरून पाणी हनुवटीपर्यंत आलं तरी तिने हात खाली घेतले नाहीत. रेनोने डब्याचं झाकण लावलं, डबा बाकाखाली सरकवला आणि दुकानातल्या गोळ्या एकेक करून तिच्या हातात दिल्या. वरून मार्लिसने हाक मारली, की पॅस्टी बांधून ठेवल्यात, काळोख पडायच्या आत निघ.

ब्रिटा जिन्याकडे वळली आणि रेनो तिच्या पाठीकडे बघत थबकला. उजवा खिसा त्याला आठवत होता. आतला आठवत होता. डावाही आठवत होता, त्यातला हात, त्यातली थंडी, सगळं.

"ब्रिटा," तो म्हणाला, "डावा पाहिला का मी?"

ती दुसऱ्या पायरीवर होती. ती परत खाली आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि डावा हात वर केला.

"पुन्हा पाहा," ती म्हणाली.

रेनोने पुन्हा पाहिला.